संशोधनाचा प्रस्ताव कसा लिहावा

पदवीच्या विद्यार्थ्यास तांत्रिक लेखनाच्या वर्गात पुष्कळदा संशोधनाचा प्रस्ताव लिहावयास सांगतात. पुष्कळजण त्याला निबंध समजून विषयाची थोरवी गाण्यातच पाने खर्ची घालतात. निबंधात आपणांस जे ठाऊक आहे ते सांगावयाचे असते. प्रस्तावात जे ठाऊक नाही ते नेमके कोणते, आणि ते कसे शोधून काढणार, हे सांगावयाचे असते. हा भेद ध्यानी आला की अर्धे काम झाले.

प्रश्न

एक उदाहरण घेऊ. तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यात ग्रॅनाइटसारख्या खडकांतील फ्लोराइड भूजलात उतरते. ते पाण्याच्या रंगावरून, वासावरून वा चवीवरून कळत नाही आणि पाणी उकळल्याने जात नाही. असे पाणी बालपणापासून पिण्यात आल्यास दातांवर डाग पडतात. प्रमाण फार असून ते वर्षानुवर्षे पोटात गेल्यास हाडे व सांधे ताठरतात.

‘नलगोंड्यातील फ्लोराइडचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘एकाच गावातील उघड्या विहिरीपेक्षा जवळच्या विंधन विहिरीत फ्लोराइड अधिक असते काय?’ हा प्रश्न होय. त्याचे उत्तर ‘होय’ येईल किंवा ‘नाही’ येईल, आणि दोन्ही उत्तरे उपयोगाची ठरतील. ज्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर संभवतच नाही, तो संशोधनास घेऊ नये.

पूर्वीचे ज्ञान

यानंतर आजवर काय ठाऊक झाले आहे ते थोडक्यात सांगावे. भारतात या विकाराची नोंद प्रथम १९३७ साली नेल्लोर भागातून झाली. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात प्रतिलिटर १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकार्य आहे. दुसरे पाणी उपलब्ध नसल्यास ही मर्यादा १.५ मिलिग्रॅम धरतात. आपल्या प्रश्नाशी ज्याचा संबंध नाही असा मजकूर, तो कितीही मनोरंजक असो, येथे घालू नये.

रीत, वेळ व खर्च

‘पाणी तपासण्यात येईल’ एवढे लिहून भागत नाही. सहा गावे निवडून प्रत्येक गावात एक उघडी व तिच्या नजीकची एक विंधन विहीर घ्यावयाची; नमुने काचेच्या नव्हे, तर प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटल्यांत भरावयाचे; प्रत्येक नमुना दोनदा मोजावयाचा. म्हणजे १२ नमुने आणि २४ मोजमापे झाली. असे लिहिले की वाचणारा प्राध्यापक योजनेतील उणीव तत्काळ दाखवू शकतो, आणि उणीव काम सुरू होण्यापूर्वी सापडणे हाच प्रस्तावाचा मोठा लाभ होय.

वेळेचा हिशेबही प्रामाणिक असावा. पावसाळ्यापूर्वीच्या व नंतरच्या पाण्याची तुलना करण्याचा मोह होईल. परंतु चार महिन्यांच्या सत्रात ती साधणार नाही. ती सोडून द्यावी आणि सोडल्याचे स्पष्ट लिहावे. बाटल्या, रसायने व प्रवास यांचा खर्च वेगवेगळा दाखवावा.

जबाबदारी

विहीर कोणाच्या तरी मालकीची असते आणि तिचे पाणी कोणी तरी पीत असते. म्हणून परवानगी कोणाकडून घेणार आणि निष्कर्ष गावास कसा कळविणार, हे प्रस्तावातच असावे. एका नमुन्यावरून विहीर ‘निर्धोक’ ठरविल्यास त्या भरवशावर मुले वर्षानुवर्षे तेच पाणी पितील. घाईने ‘दूषित’ ठरविल्यास गावाचा एकुलता एक पाणवठा सुटेल. सहा गावांवरून साऱ्या जिल्ह्याविषयी बोलता येणार नाही, ही मर्यादाही आरंभीच मान्य करावी. मर्यादा सांगितल्याने प्रस्ताव दुबळा होत नाही. उलट त्यातील इतर विधानांवर विश्वास बसतो.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील वा शहरातील पाण्याविषयी एक विषय घ्या आणि त्यातून ‘होय’ अथवा ‘नाही’ असे उत्तर देता येईल असा एक प्रश्न तयार करा.

२. त्या प्रश्नासाठी किती नमुने व किती मोजमापे लागतील ते लिहा.

३. आपल्या निष्कर्षावरून जे सिद्ध होणार नाही, ते दोन वाक्यांत सांगा.