रिपोर्ट सुधारतो तेव्हाच लेक रुसते

आईबाबांनो, मुलीला थायरॉईड 'जास्त' आहे, ग्रेव्हज आजार आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आधी एक गोष्ट मनात पक्की करा. मावशी रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते तो थायरॉईड वेगळा. तिची ग्रंथी मंदावली आहे. तुमच्या लेकीची मात्र उधळली आहे, कारण शरीराची प्रतिकारशक्तीच तिला सतत चिथावते आहे. मावशीचा सल्ला प्रेमाने ऐकून घ्या, पण तिची गोळी लेकीला चुकूनही देऊ नका.

निदान होईपर्यंत घरात बरीच भांडणं होऊन गेलेली असतात. पोरगी चार पोळ्या जास्त खाते, तरी अंगी लागत नाही. डिसेंबरात पंखा पाचवर हवा. वर्तुळ काढताना कंपासचं टोक थरथरतं आणि तळव्याच्या घामाने वहीचं पान ओलं होतं. मार्क घसरतात, शब्दाला शब्द लागतो, आणि आपण 'वयात आली, शेफारली' म्हणून मोकळे होतो. बसल्या जागी काळीज मिनिटाला सव्वाशे वेळा धडधडत असेल, तर मोठा माणूसही चिडचिडा होईल. ते सगळं आजारामुळे होत होतं, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा. मुलं हे वाक्य ऐकायला आसुसलेली असतात.

उपचार बहुधा कार्बिमाझोलने सुरू होतो. अंगावर थोडं पुरळ किंवा खाज आली तर डॉक्टरांना कळवा. बऱ्याचदा साध्या औषधाने ते निभावतं. एका बाबतीत मात्र ढिलाई नको. क्वचित, हजारात दोन-पाच जणांत, या औषधाने जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटतात. धोका पहिल्या तीन महिन्यांत जास्त, पण पुढेही असतो. म्हणून ताप आला, घसा दुखला, तोंडात फोड आले, तर पुढची गोळी थांबवा, डॉक्टरांना फोन करा आणि त्याच दिवशी सीबीसी ही रक्ततपासणी करून घ्या. 'व्हायरल दिसतंय, बघू दोन दिवस' हे या घरात चालणार नाही. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तरीही हेच, फक्त तपासणी यकृताची. हे सगळं कागदावर लिहून फ्रिजवर लावा, कारण ताप नेमका आपण बाहेरगावी असताना येतो आणि घरी आजी असते.

आता अवघड भाग. दोन-तीन महिन्यांत रिपोर्ट सुधारतो, आपण देवापुढे साखर ठेवतो आणि लेक मात्र रडवेली होते. शरीराची भट्टी थंडावते, पण जास्त खायची सवय तशीच राहते. वजन वाढतं, जीन्स लागत नाही. त्यात लग्नघरात कुणीतरी म्हणतंच, "काय गं, चांगलीच भरलीस!" चौदा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. गोळी चुकवली की वजन उतरतं, हे तिला लवकरच उमगतं. मग गोळ्या गुपचूप उशीखाली जातात आणि धडधड परत येते. या आजारात मला सगळ्यात जास्त धास्ती याच टप्प्याची वाटते. म्हणून वजन वाढेल हे तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. नातेवाइकांना तुम्ही गप्प करा, ते काम तिच्यावर टाकू नका. डाएटचा तगादा नको. नाडी ताळ्यावर आली की त्या जादा पोळ्या हळूहळू कमी करा, खेळायला पाठवा. पण ती सारखी पेंगत असेल, थंडी वाजत असेल, पोट साफ होत नसेल, तर डोस जास्त होत असू शकतो. तो डॉक्टरांकडून तपासून घ्या, मनाने अर्धी गोळी करू नका. रिपोर्टमधला टीएसएचचा आकडा मात्र कितीतरी महिने खालीच राहू शकतो, त्याने घाबरू नका.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या आणाल, तर रक्ततपासणीच्या आधी डॉक्टरांना तसं सांगा. बायोटिनमुळे थायरॉईडचे आकडे खोटे येऊ शकतात. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या: पाण्याची बाटली जवळ हवी, नाडी उतरेपर्यंत पी.टी.त पळवू नका.

हे औषध निदान दोन वर्षं चालतं, पुष्कळदा त्याहून जास्त. ते बंद केल्यावर आजार परत न येणारी मुलं कमीच. तेव्हा शस्त्रक्रिया किंवा रेडिओआयोडीनचा विचार होतो आणि त्यानंतर बहुतेकांना मावशीसारखी रोजची गोळी लागते. इतक्या लांबच्या प्रवासात लेकीचा डॉक्टरांवर स्वतःचा विश्वास हवा. पुढच्या भेटीत फाईल तिच्या हातात द्या, पहिली दहा मिनिटं तिलाच बोलू द्या आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा.