लघवीवर ताबा न राहणाऱ्या भगिनींची नमाज

खोकला आला, पाण्याचा हंडा उचलला किंवा सजद्यासाठी वाकले की लघवीचे थेंब निसटतात. अनेक बाळंतपणे झालेल्या आणि पाळी जाण्याच्या वयात आलेल्या कित्येक स्त्रियांचा हा अनुभव आहे. डहाणू-तलासरी भागात चिकूच्या वाड्या, भातलावणी, मासळीच्या पाट्या यांतून स्त्रीला विसावा कमीच मिळतो. आदिवासी, कोळी, मुस्लिम असा भेद हे दुखणे करीत नाही. मुस्लिम स्त्रीला मात्र आणखी एक प्रश्न छळतो : माझी नमाज होते का? विचारण्याची लाज वाटते, म्हणून ती स्वतःच निकाल लावते व नमाज सोडते. एस.टी.चा प्रवास, लग्नसमारंभही हळूहळू सुटतात.

हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांना सतत रक्तस्रावाचा त्रास होता. नमाज सोडू का, असे त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना थेट विचारले. हा पाळीचा स्राव नव्हे, म्हणून नमाज सोडायची नाही, असे उत्तर मिळाले. प्रत्येक नमाजेसाठी वुजू करण्याची शिकवणही त्याच हदीसमध्ये येते. फकीहांनी हाच नियम लघवी न थांबणाऱ्या रुग्णाला लावला.

अशा व्यक्तीला ‘माजूर’ म्हणतात. हनफी मतानुसार, एका नमाजेच्या पूर्ण वेळेत वुजू करून फर्ज पढण्याइतकीही कोरडी सवड मिळाली नाही, तर ती माजूर ठरते. पुढे प्रत्येक वेळेत एकदा जरी त्रास झाला तरी सवलत टिकते. त्या वेळेचा वुजू या कारणाने तुटत नाही. वेळ संपताच संपतो. कोकणी मुस्लिमांत प्रचलित शाफई मतानुसार वेळ सुरू झाल्यावर स्वच्छता करावी, घडी बदलावी, वुजू करावा व विलंब न लावता फर्ज पढावी. पुढच्या फर्जसाठी हे सारे पुन्हा करावे.

ज्यांना केवळ खोकताना, शिंकताना थेंब जातात त्या बहुधा माजूर नसतात. त्यांनी जागा धुऊन पुन्हा वुजू करावा. सजद्यातच लघवी जात असेल, तर बसून इशाऱ्याने नमाज पढण्याची वाटही फिकहमध्ये आहे; पण आपली स्थिती सांगून आलिमांकडून खात्री करून घ्यावी. संकोच वाटल्यास त्यांच्या घरातील स्त्रीमार्फत विचारावे.

सवलत आहे म्हणून उपचार टाळणे मात्र योग्य नव्हे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते श्वास न कोंडता आवळणे व सैल सोडणे, एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने : अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये मांडलेल्या या व्यायामाचा अनेकींना गुण येतो. पाणी पिणे तोडू नये. लघवी दाट होऊन मूत्राशयाची जळजळ वाढते. मधुमेह, जुना खोकला, बद्धकोष्ठता यांवरही इलाज हवा. डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय किंवा तलासरीचे ग्रामीण रुग्णालय येथे स्त्री डॉक्टरकडे तपासणीची मागणी करता येते. अडलेल्या बाळंतपणानंतर लघवी अखंड गळत असेल, तर मूत्राशयाला छिद्र पडलेले असू शकते. ते व्यायामाने बुजत नाही, शस्त्रक्रियेने बहुधा बरे होते. तेव्हा अशा स्त्रीला घरच्यांनी विनाविलंब रुग्णालयात न्यावे.