न खोदता खडकाची पारख

प्रश्न : अणुकचरा पुरण्याजोगा खडक खाली आहे की नाही, हे न खोदता कसं कळतं?

उत्तर : स्वित्झर्लंडचं उदाहरण घ्या. तिथे ‘नाग्रा’ या संस्थेने कंपनं निर्माण करणारे जड ट्रक रस्त्यांवरून, शेतांतून फिरवले. ट्रकच्या पोटाखालची पोलादी प्लेट जमिनीवर दाबून थरथरवतात. खाली जाऊन खडकाच्या थरांवरून परावर्तित होणारे तरंग ‘जिओफोन’ नावाची उपकरणं टिपतात. परतीच्या वेळेवरून थरांचा त्रिमितीय नकाशा बनतो. सलग थर मध्येच तुटून खालीवर सरकलेला दिसला, की तिथे भ्रंश! अशी जागा टाळायची. बारीक भ्रंश मात्र निसटतात आणि खडकातून पाणी किती झिरपतं, तेही यातून नेमकं कळत नाही. त्यासाठी खोल बोअर घेऊन नमुने तपासावेच लागतात. अशा दुहेरी तपासणीनंतर २०२२मध्ये ‘नाग्रा’ने झुरिचच्या उत्तरेकडील परिसर सुचवला. तिथला ओपॅलिनस मृत्तिकाखडक सुमारे साडेसतरा कोटी वर्षांचा आहे.