रेषा एक, मागणारे दोन

माऊस नीट चालतो. मोडेमही नीट चालतो. पण मोडेमने फोन लावला, की पडद्यावरचा बाण जागच्या जागी खिळून बसतो! १९९० नंतरच्या दशकात घरी संगणक असणाऱ्यांना हा अनुभव येत असे. मोडेम बदलून आणला तरी दोष तसाच राही, कारण तो मोडेममध्ये नव्हता आणि माऊसमध्येही नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, संगणकाचा प्रोसेसर आपल्या कामात गढलेला असतो. कळ दाबली गेली किंवा माऊस हलला, तर त्या उपकरणाला त्याला हटकावे लागते. या हटकण्याला इंटरप्ट म्हणतात व त्यासाठी स्वतंत्र रेषा, म्हणजे तारा, असतात. १९८१ सालच्या आय.बी.एम. पी.सी.मध्ये ८२५९ ही चिप अशा आठ रेषा सांभाळी. ० क्रमांकाची घड्याळासाठी, १ क्रमांकाची कळफलकासाठी. १९८४ च्या पी.सी. ए.टी.मध्ये दुसरी चिप आली. पण ती पहिलीला जोडण्यात एक रेषा खर्ची पडली, म्हणून उरल्या पंधरा. सिरियल पोर्ट मात्र चार आणि त्यांच्या वाट्याला रेषा दोनच! पहिले व तिसरे पोर्ट ४ क्रमांकाच्या रेषेवर, दुसरे व चौथे ३ क्रमांकाच्या. आपला माऊस पहिल्या पोर्टवर होता, मोडेम तिसऱ्यावर.

मग एका रेषेवर दोघे का नांदत नाहीत? दाराची ‘टिंग’ करणारी घंटा आठवा. ती बटण दाबण्याच्या क्षणी वाजते, दाबून धरलेल्या बटणाने पुन्हा वाजत नाही. एका पाहुण्याने बोट ठेवूनच दिले, तर दुसऱ्याने त्याच बटणावर कितीही जोर दिला तरी घरात काही ऐकू येणार नाही. जुन्या आयसा पद्धतीच्या कार्डांची रेषा अशीच आहे. तिच्यावरील विद्युतदाब शून्याजवळून ५ व्होल्टकडे चढतो, ती चढणच चिप ओळखते. मोडेमने दाब आधीच चढवून ठेवला, तर माऊसची चढण दिसणार कोठून?

शाळेच्या कपाटात असा जुना संगणक सापडला, तर शिक्षकांसमोर हा शोध घेऊन पाहा. संगणक बंद करून प्लग काढा. पेटीच्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिरविद्युतभार जाऊ द्या. पॉवर सप्लायची पेटी मात्र उघडू नका. तिच्यातील कपॅसिटर प्लग काढल्यावरही भार धरून असतात. पडद्याखेरीज इतर कार्डे काढा आणि एकेक परत बसवून दर वेळी संगणक तपासा. प्रत्येक कार्ड काढता-घालताना प्लग निघालेलाच हवा. बिघाड ज्या कार्डाने दिसला तेच दोषी, असे मात्र म्हणू नका. ते आधीच्या एखाद्याशी भांडते आहे, एवढेच सिद्ध झाले. कार्डावरील जंपर, म्हणजे दोन टाचण्यांना जोडणारी ती चिमुकली टोपी, हलवून त्याला मोकळी रेषा द्या. मूळ जागा आधी कागदावर लिहून ठेवा, आणि एका वेळी एकच जंपर हलवा. नवा क्रमांक सॉफ्टवेअरलाही कळवावा लागतो. हे विसरल्याने पुष्कळांची संध्याकाळ वाया गेली आहे.

१९९२ मध्ये आलेल्या पी.सी.आय. पद्धतीत चिप चढण न पाहता पातळी पाहते. रेषा खाली ओढलेली असेपर्यंत प्रोसेसर त्या रेषेवरील उपकरणांना क्रमाने विचारतो, त्यामुळे तेथे वाटेकरी चालतात. पी.सी.आय. एक्स्प्रेसमध्ये तर हटकण्यासाठी वेगळी तारच नाही. कार्ड ठरावीक पत्त्यावर एक संख्या लिहून पाठवते आणि प्रोसेसर तीच हाक समजतो.