ओल्या लाकडाचा वाडगा



आमच्या घरी लाकूड कातायचे लेथ आहे. वडील त्यावर लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब कातून देतात. श्रावणात वादळ झाले आणि आमच्या परसातला आंबा पडला. तो आज्जीने लावलेला. आज्जी वडिलांना म्हणाली, "झाड तर गेलं. निदान त्याचा एक वाडगा करून दे. रोज त्यात भाकरी कुस्करून खाईन." वडिलांनी तीन ओंडके बाजूला ठेवले. बाकीचे सरपण झाले.

पहिला ओंडका लगेच लेथवर चढवला. ओले लाकूड कातायला फार सोपे. पटाशी टेकवली की लांबच लांब ढलप्या निघतात, धूळ उडत नाही, हातावर पाण्याचे शिंतोडे येतात. संध्याकाळी वाडगा तयार! पण आठ दिवसांत तो काठापासून बुडापर्यंत चिरला. दुसराही तसाच गेला. एकच ओंडका उरला. आज्जी काही बोलली नाही, पण मला फार वाईट वाटले.

असे का होते?

नुकत्याच तोडलेल्या लाकडात खूप पाणी असते. काही झाडांत तर कोरड्या लाकडापेक्षा पाण्याचेच वजन जास्त भरते. आधी पेशींच्या पोकळीतले पाणी जाते. तेव्हा वजन घटते, पण आकार तोच राहतो. नंतर पेशींच्या भिंतींतले पाणी जाऊ लागते आणि लाकूड आकसते. मात्र सगळीकडे सारखे नाही. वलयांच्या कडेकडेने ते सर्वांत जास्त आकसते. गाभ्याकडून सालीकडे साधारण त्याच्या निम्मे. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून गोल वाडगा वाळला की लंबगोल होतो. शिवाय गाभा आत राहिला, तर त्याच्याभोवतीच्या वलयांवर ताण येतो आणि लाकूड फाटते. आमच्या दोन्ही वाडग्यांच्या बुडात गाभा होता!

उपाय काय?

शेजारच्या गावचे एक म्हातारे कातारीबाबा आले. त्यांनी सांगितले ते असे :

१. ओंडका गाभ्यातून उभा चिरावा. गाभा काढून टाकावा.
२. लगेच कातायचे नसेल, तर दोन्ही तोंडांना मेण किंवा रंग लावावा. पाणी तोंडांतून लवकर उडते आणि तिथेच चिरा पडतात.
३. वाडगा आधी जाड कातावा. रुंदी 20 सेंमी असेल, तर जाडी 2 सेंमी ठेवावी.
४. कागदात गुंडाळून सावलीत ठेवावा. ऊन, वारा, चूल जवळ नको.
५. दर आठवड्याला तोलावा. वजन घटायचे थांबले की वाळला. मग पुन्हा लेथवर चढवून गोल करावा. जाडी ठेवलेली असते, म्हणून वेडावाकडा भाग काढायला जागा मिळते.

परदेशातही ओले लाकूड कातत. इंग्लंडमध्ये हाय विकम गावाजवळच्या बीच झाडांच्या रानात कारागीर पायाने चालवायच्या लेथवर खुर्च्यांचे पाय कातीत. ते आधी ओंडका उभा फोडीत, पाय कातून वाळायला रचून ठेवीत, आणि मग कारखान्याला विकीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हे काम चालले.

आमचा तिसरा वाडगा तोलायचे काम माझ्याकडे होते. पहिल्या दिवशी तो एक किलो भरला. शेवटी पाऊण किलोच्या आत आला. म्हणजे पाव किलोहून जास्त पाणी उडून गेले! पाडव्याला वडिलांनी तो पुन्हा कातला, खोबरेल तेल लावले आणि आज्जीच्या हातात दिला. आज्जीने काठावरून बोट फिरवून पाहिले. चीर कुठेच नव्हती.

वडील म्हणाले, "पहिले दोन मी घाईत घालवले."

तुम्हीही करून पाहा : मोठ्या माणसाकडून ओल्या फांदीची बोटभर जाड चकती कापून घ्या. उन्हात ठेवा. चीर पडली, तर ती कोठून कोठे गेली ते वहीत काढा आणि वर्गात दाखवा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी