आरशाआधी टेप घ्या

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळी बसलेली मुलं रात्रीच उठतात. मधल्या सुटीत मोबाइल उघडला की आधी सिक्स पॅक दिसतात, लगेच खाली चीज ओघळणारा पिझ्झा. एक लाज आणतो, दुसरा भूक चाळवतो. या कात्रीतून सुटायला ही पाच कामं करा.

१. पोट मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप लावा. पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे घेर असेल तर डॉक्टरांना दाखवा. दिसण्यावर जाऊ नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! बारीक माणसानंही टेप लावायचा तो यासाठी.

२. मोबाइल आवरा. जे खातं पाहून स्वतःच्या अंगाची लाज वाटते, ते आजच अनफॉलो करा. तिथलं शरीर प्रकाश, कोन आणि फिल्टर लावून सजवलेलं असतं.

३. जाहिरातीला भुलू नका. लठ्ठपणा बरा करतं म्हणून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. 'दहा दिवसांत दहा किलो' म्हणणाऱ्यावर एक रुपयाही घालवू नका.

४. मेसमध्ये ताटाकडे बघा. फोन पालथा ठेवा. आधी उसळ-कोशिंबीर, मग पोळी, शेवटी भात. दुपारी उपाशी राहिलात तर रात्री अकराला वडापाव आठवणारच. म्हणून चार वाजता मूठभर फुटाणे किंवा ताक घ्या.

५. तासाला एकदा उठा. संध्याकाळी सारसबागेपर्यंत चालत जा, जमेल तेव्हा पर्वती चढा.

घरच्यांना एक कळकळीची विनंती. फोनवर 'किती सुटलीयेस गं!' म्हणू नका, 'जेवलीस का?' एवढं विचारा. मूल जेवण टाळत असेल, खाऊन मुद्दाम उलटी करत असेल, तर रागावू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर बोला.

तीन महिन्यांनी पुन्हा टेप लावा. तुलना करायची ती फक्त स्वतःच्या जुन्या आकड्याशी.