‘संयुक्त मानापमान’ आपल्या गावात झाले तर?



ध्वनीचा पाठ शिकवताना मी वर्गात कधी कधी एक प्रश्न विचारतो. ‘भूतकाळातल्या एकाच मैफलीला जाण्याची मुभा मिळाली, तर कोणत्या मैफलीला जाल?’ कुणी बीटल्सचे नाव घेतो, कुणी राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदाचे, तर कुणी भीमसेन जोशींच्या ऐन उमेदीतल्या गाण्याचे. एकदा मुलांनी प्रश्न उलटवला, ‘सर, तुमची मैफल कोणती?’ माझे उत्तर ठरलेले होते : जुलै १९२१ मधला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग.

हा प्रयोग खरोखरच स्वप्नवत होता. बालगंधर्वांची ‘गंधर्व नाटक मंडळी’ आणि केशवराव भोसले यांची ‘ललितकलादर्श’ या त्या काळच्या दोन प्रतिस्पर्धी नाटक कंपन्या. टिळक स्वराज्य फंडाला मदत म्हणून त्या एकत्र आल्या आणि मुंबईच्या बालीवाला थिएटरात त्यांनी खाडिलकरांचे ‘मानापमान’ एकाच रंगमंचावर केले. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव वारले.

‘मग आपण तो प्रयोग चिंचवडला करू या की!’ एक मुलगा म्हणाला. ‘नाही तर चाकणच्या एखाद्या मोठ्या शेडमध्ये!’ सारा वर्ग हसला. पण ही कल्पना भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती मंडळी आज आपल्या गावात गायला उभी राहिली, तर शेवटच्या रांगेला काय ऐकू येईल? चला, गणित करून पाहू.

तबकडीने काय राखले?

प्रथम एक शंका दूर करू. ‘जुन्या तबकड्या आहेत ना, मग स्वप्न कशाला पाहायचे?’ असे कुणी म्हणेल. १९२१ साली ध्वनिमुद्रणात विजेचा वापर होत नव्हता. विद्युत् ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास सुरू झाले. त्यापूर्वी गायक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभा राहून गात असे. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशी एक पातळ पडदा असे. आवाजाने तो कंप पावे आणि त्याला जोडलेली सुई मेणावर खाच कोरीत जाई. अशा तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. नाटक सहा तास रंगले असे समजा. सहा तास म्हणजे ३६० मिनिटे, म्हणजेच तबकड्यांच्या १२० बाजू! भरल्या नाट्यगृहातला प्रयोग अशा यंत्राने टिपणे शक्यच नव्हते.

आणखी एक मर्यादा होती. कर्णा आणि पडदा सगळ्या कंप्रतांना सारखा प्रतिसाद देत नसत. ढोबळ मानाने २५० ते २५०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा नीट कोरला जाई. समजा, गायकाचा षड्ज २५० हर्ट्‌झचा आहे. गळ्यातून २५० बरोबरच ५००, ७५०, १००० असे संनादी स्वरही निघतात, आणि त्यांच्या मिश्रणामुळेच एका गायकाचा आवाज दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येतो. यांतले पहिले दहा स्वर तबकडीवर आले. त्यापुढचे मेणापर्यंत पोहोचलेच नाहीत. ‘स’, ‘श’ या व्यंजनांच्या सीत्काराची बरीचशी ऊर्जा तर ४००० हर्ट्‌झच्या आसपास आणि त्याहून वर असते. म्हणूनच जुन्या तबकडीवर सूर लागतो, पण शब्द बोथट वाटतात.

आजचा संगणक तबकडीची खरखर कमी करू शकतो. पण जे कोरलेच गेले नाही ते तो परत आणू शकत नाही. फार तर अंदाजाने भर घालील. अंदाज कितीही चांगला असला तरी तो अंदाजच, मूळ आवाज नव्हे.

मायक्रोफोनशिवाय

आता गायकाला आपल्या मैदानावर उभे करू. त्या काळी रंगभूमीवर ध्वनिवर्धक नव्हते, म्हणून आपणही मायक्रोफोन द्यायचा नाही. खड्या आवाजात गाणाऱ्या गायकापासून १ मीटर अंतरावर ध्वनिपातळी ९० डेसिबेल आहे असे धरू. डेसिबेलचे माप लक्षात ठेवायला सोपे आहे : पातळी १० डेसिबेलने वाढली की ध्वनितीव्रता दहापट होते. ९० डेसिबेल म्हणजे दर चौरस मीटरला ०.००१ वॅट. १ मीटर त्रिज्येच्या गोलाचे क्षेत्रफळ १२.६ चौरस मीटर असते, म्हणून गायकाची एकूण ध्वनिशक्ती सुमारे ०.०१२६ वॅट भरते. १० वॅटच्या एलईडी दिव्याच्या जवळजवळ आठशेवा भाग! एवढ्याशा शक्तीवर नाट्यगृह भरून टाकायचे.

उघड्यावर अंतर दुप्पट झाले की तीच शक्ती चौपट क्षेत्रावर पसरते आणि पातळी ६ डेसिबेलने उतरते. म्हणजे,

१ मीटरवर ९० डेसिबेल
२ मीटरवर ८४
४ मीटरवर ७८
८ मीटरवर ७२
१६ मीटरवर ६६
३२ मीटरवर ६०

समोरासमोर बसून आपण साधारण ६० डेसिबेलने बोलतो. म्हणजे ३२ मीटरवरच्या श्रोत्यालाही गाणे ऐकू यायला हरकत नाही. अट एकच : भोवताली शांतता हवी.

शेडमधला गोंधळ

आता ‘चाकणची शेड’ घेऊ. छपराखाली एक फायदा होतो. भिंतीवरून परतलेला ध्वनी मूळ ध्वनीनंतर ०.०५ सेकंदाच्या आत कानावर आला, तर कान दोन्ही मिळून एकच आवाज समजतो आणि तो जोरकस वाटतो. एवढ्या वेळात ध्वनी सुमारे १७ मीटर जातो. पण परतीची वाट त्याहून बरीच लांब असली, तर मागच्या अक्षराचा ध्वनी पुढच्या अक्षरावर सांडतो. अशा पुनःपुन्हा परतणाऱ्या ध्वनीला निनाद म्हणतात. आवाज थांबल्यावर पातळी ६० डेसिबेलने उतरायला, म्हणजे तीव्रता दशलक्षांश व्हायला, जो वेळ लागतो तो निनादकाल.

याचे गणित हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाने १८९५ नंतरच्या काही वर्षांत शोधले. तेथील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कळत नसत. सेबाइनने खुर्च्यांच्या गाद्या कमीजास्त करीत, ऑर्गनची एक नळी वाजवून, ती थांबल्यावर आवाज किती वेळ ऐकू येतो ते मोजले. मोजमाप करणारे यंत्र म्हणजे त्याचा स्वतःचा कान! त्यासाठी तो रस्ते शांत झाल्यावर, रात्री काम करी. हा तपशील विसरू नका, पुढे तो उपयोगी पडेल. त्याचे सूत्र असे :

निनादकाल (सेकंद) = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण

शेड ४० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि १० मीटर उंच आहे असे समजा. घनफळ १०,००० घनमीटर. जमीन, छप्पर आणि भिंती मिळून पृष्ठफळ ३३०० चौरस मीटर. काँक्रीट आणि पत्रा ध्वनी फारच थोडा शोषतात, सरासरी ५ टक्के धरू. शोषण झाले १६५. म्हणून निनादकाल = १६१० ÷ १६५ = सुमारे १० सेकंद! एक तान घेतली की ती दहा सेकंद पत्र्याखाली घुमत राहणार. असल्या जागेत पद कसले आणि शब्द कसले!

आता १००० रसिक आत बसवू. माणूस आणि त्याचे कपडे हे उत्तम शोषक होत. दरडोई ०.४५ धरले तर ४५० ची भर पडते. एकूण शोषण ६१५ आणि निनादकाल २.६ सेकंद. खूपच सुधारणा झाली, पण गाण्यातले शब्द स्पष्ट कळायला तो १.२ सेकंदाच्या जवळ हवा. त्यासाठी १६१० ÷ १.२ = सुमारे १३४० एवढे शोषण लागेल, म्हणजे आणखी ७२५. निम्मा ध्वनी शोषणारे जाड कापड पत्र्यावर लावले तर दर चौरस मीटरला ०.५ उणे ०.०५, म्हणजे ०.४५ मिळते. तेव्हा सुमारे १६०० चौरस मीटर कापड लागेल. सगळे छप्पर आणि जवळजवळ निम्म्या भिंती झाकाव्या लागतील. थोडक्यात, शेडच्या आत एक कनातींचा मंडपच उभारायचा!

म्हणजे नाट्यगृहाचा प्रश्न कापडाने सुटतो. खरी अडचण पुढेच आहे.

शांतता किती?

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि बघता बघता चिंचवड, भोसरी, आकुर्डी व पुढे चाकणपर्यंत कारखान्यांचा पट्टा उभा राहिला. या पट्ट्यावर हजारो घरे चालतात. पण यंत्राबरोबर गोंगाटही येतो. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागासाठी मर्यादा ४५ डेसिबेल, तर औद्योगिक भागासाठी ७० डेसिबेल आहे.

आता आपला कोष्टक पुन्हा पाहा. ३२ मीटरवर गाणे ६० डेसिबेल. औद्योगिक भागात गोंगाट मर्यादेत राहून ७० डेसिबेल असेल, तर तो गाण्यापेक्षा दहापट तीव्र झाला. तेथील मोकळ्या मैदानावर गाणे आणि गोंगाट यांची बरोबरी कोठे होईल? ९० वरून ७० वर यायला २० डेसिबेल उतरावे लागतात, म्हणजे अंतर १० मीटर. त्यापुढच्या रांगांनी तिकीट काढूच नये! भोवताली ४५ डेसिबेलची शांतता असेल तर हीच बरोबरी सुमारे १७८ मीटरवर होते. अंतर जवळजवळ १८ पट आणि श्रोते बसतील ते क्षेत्र सुमारे ३१६ पट. गायक तोच, गळा तोच. बदलली ती केवळ शांतता. सेबाइन रात्रीची वाट का पाहत होता, हे आता ध्यानात आले असेल.

शेवटचा दुवा : कान

आमच्या शेजारी एक निवृत्त कामगार काका राहतात. तीस वर्षे त्यांनी प्रेसशॉपमध्ये काढली. नाट्यसंगीताचे ते मोठे शौकीन. एका संध्याकाळी मी त्यांना बालगंधर्वांची एक जुनी तबकडी ऐकवली, आणि त्यानंतर तेच पद आजच्या एका गायिकेच्या स्वच्छ ध्वनिमुद्रणात लावले. दोन्ही ऐकून ते म्हणाले, ‘‘सर, दोन्ही सारखीच की! ठेका कळतो, सूर कळतो, शब्द मात्र हल्ली कुणाचेच कळत नाहीत.’’

दोष गायिकेचा नव्हता. आपल्या प्रत्येक कानाच्या शंखाकृती भागात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. सततच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाचा पहिला घाव बहुधा ४००० हर्ट्‌झच्या आसपास बसतो, म्हणजे व्यंजने जेथे असतात नेमका तेथे. सूर कळतात, शब्द हरवतात. कर्ण्याने १९२१ साली जो पट्टा वगळला, साधारण तोच यंत्राने काकांच्या कानातून पुसला. आवाज मोठा करून तो परत येत नाही.

आपल्या देशात कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबेलची मर्यादा आहे. लक्षात घ्या, पातळी अवघी ३ डेसिबेलने वाढली की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते. म्हणून कर्णरक्षक हे ओझे नव्हे. तुमचे वडील, आई, काका कारखान्यात जात असतील, तर हा हिशेब त्यांना जरूर करून दाखवा. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर उभे राहताना आणि इयरफोनचा आवाज वाढवताना तो स्वतःलाही लागू करा.

केशवराव आणि बालगंधर्व परत येणार नाहीत. ते गणिताच्या हाती नाही. पण मैफलीला गायकाखेरीज आणखी तीन गोष्टी लागतात : जागा, शांतता आणि कान. त्या तिन्ही आपल्या हाती आहेत. उद्याचा एखादा मोठा गायक आज तुमच्याच शाळेत शिकत असेल. त्याचे गाणे ऐकण्याजोगे कान आपल्यापाशी उरले पाहिजेत.

करून पाहा

१. पहाटे शाळेच्या मैदानावर एका मित्राला एकच स्वर सारख्या जोराने लावायला सांगा. मोबाइलमधील ध्वनिमापकाने १, २, ४ आणि ८ मीटरवर पातळी मोजा. दर वेळी ६ डेसिबेल उतरतात का? हाच प्रयोग भर दुपारी करा आणि फरक नोंदवा.

२. शाळेच्या रिकाम्या सभागृहात एक टाळी वाजवा आणि तिचा निनाद किती सेकंद ऐकू येतो ते मोजा. सभागृह मुलांनी भरल्यावर पुन्हा मोजा.

३. वरील शेडमध्ये १००० ऐवजी ५०० रसिक आले आणि कापड लावलेच नाही, तर निनादकाल किती होईल? (उत्तर : सुमारे ४.१ सेकंद)